धसका आणि झुरणी

गेल्या माघातली गोष्ट. आमच्या पलूसच्या शिवारात त्या दिवसांत द्राक्षांचे घड गोडीला येतात आणि ज्याला परवडते तो बागाईतदार पाखरांपासून माल राखण्यासाठी बागेवर जाळी पसरतो. अशाच एका जाळीत गुंतलेला लालबुड्या बुलबुल आमच्या शाळेतल्या चौथीच्या एका पोराने सोडवला. एकेक धागा दातांनी तोडून सोडवला, हे विशेष. मग त्याने तो घरी नेला, कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवला, वाटीत दूध ठेवले, भाताची शिते टाकली, वर दोन द्राक्षेही ठेवली. घरातली सगळी चिल्लीपिल्ली रात्री डोळे मिटेपर्यंत त्या डालग्याभोवती बसून होती. सकाळी डालगे उचलले, तर बुलबुल पाय आखडून पडलेला. दुधाला शिवलेला नव्हता, की द्राक्षाला चोच लावलेली नव्हती.

मधल्या सुटीत पोरगा माझ्याजवळ आला आणि खाली बघत म्हणाला, "गुर्जी, त्येला काय बी लागलं नव्हतं. रगात न्हाई, पंख मोडला न्हाई. मग मेलं कशानं?"

"आयुष्य सरलं असंल बाबा त्याचं," मी म्हणालो.

हे उत्तर मी दिले खरे, पण देताना माझी मान वर नव्हती. आयुष्य सरले नव्हते, हे मला ठाऊक होते. हाच प्रश्न माझ्या नवव्या वर्षी मी माझ्या आजीला विचारला होता, आणि तिने मला असे खोटे सांगून वाटेला लावले नव्हते.

तेव्हा आमच्याकडे आजच्याइतकी द्राक्षे नव्हती. मळ्याच्या काळ्या रानात शाळू उभा असे आणि हुरडा भरला, की भोरड्यांचे थवे येत. गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख. शेकड्यांनी उतरत आणि कणसे सोलून काढीत. आम्ही पोरे माळ्यावर उभे राहून गोफण फिरवीत असू. एका सकाळी मांडून ठेवलेल्या फाशात एक भोरडी सापडली. मी तिला धरायला गेलो, तर शेपटीची दोन पिसे माझ्या मुठीत राहिली आणि ती फडफडत पुन्हा त्याच फाशात अडकली. शेजाऱ्यांकडे पोपटाचा एक रिकामा पिंजरा होता. तो मागून आणला आणि भोरडी आमच्या सोप्यात टांगली गेली.

ती लगेच मेली नाही. ज्वारी खाई, पाणी पिई. शेपटीची गळालेली पिसे महिना-दीड महिन्यात पुन्हा उगवली. मला वाटले, ती आपली झाली. मग चैत्र आला. रानातले थवे एक दिवस दिसेनासे झाले आणि त्याच सुमारास पिंजऱ्यातल्या पाखराला काय झाले कोण जाणे. पहाट झाली, की ते पिंजऱ्याच्या एकाच बाजूला धडका देई. कपाळाची कातडी सोलवटली, चोचीच्या मुळाशी रक्त साकळले. छातीचे हाड हाताला लागू लागले. अक्षय तृतीयेच्या आधी ती मेली.

मी आजीला विचारले, "ती खात होती, पीत होती. मग मेली कशानं?"

आजी म्हणाली, "झुरून मेली, लेका. तिची मानसं गेली, ती मागं राहिली." शेपटीचे नवे उगवलेले एक पीस मी इतिहासाच्या पुस्तकात घालून ठेवले. ते पीस अजून माझ्यापाशी आहे. त्याच्याकडे मी पुढे येणारच आहे.

मी काही शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक झालेला एक शाळामास्तर, आणि शाळा सुटल्यावर कादंबऱ्या लिहिणारा. पण शब्दांशी माझा रोजचा व्यवहार असल्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली. पाखराच्या अशा मरणासाठी आपल्या बायाबापड्यांनी दोन वेगळे शब्द योजलेले आहेत. एकाएकी मेले, तर त्याने 'धसका घेतला'. हळूहळू मेले, तर ते 'झुरले'. बुलबुल धसक्याने गेला, भोरडी झुरणीने. देहाला जखम नसताना देह मरतो आणि ते मरण दोन जातींचे असते, एवढे निदान आपल्या भाषेने केव्हाच करून ठेवले होते. शास्त्राने त्याची कारणे शोधली, ती फार उशिरा.

पाखरे धरण्याचा धंदा तर फार जुना. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या सहाव्या अध्यायात पोपट धरण्याच्या एका युक्तीचा दृष्टांत आहे. दोरीत ओवलेली एक पोकळ नळी आडवी बांधायची. पोपट तिच्यावर बसला, की त्याच्या भाराने नळी गर्रकन फिरते आणि तो उलटा लोंबकळतो. पाय सोडले, तर उडून जाईल. पण भ्यालेले पाखरू नळी अधिकच घट्ट धरते, मान वेळावते, छाती आवळून घेते, आणि आपण बांधले गेलो असे समजून बसते. अर्धे तोडून नेले तरी सोडीत नाही, इथपर्यंत ज्ञानेश्वरांनी वर्णन केले आहे. तत्त्वज्ञानी मंडळी यालाच शुकनलिकान्याय म्हणतात. जिवाला कोणी बांधलेले नाही, तो आपणच आपल्याला बांधून घेतो, हा त्याचा अर्थ. कीर्तनात तो आपण सर्वांनी ऐकलेला असतो.

पण अर्थाकडे जाताना आपण पोपटाला विसरतो. अध्यात्म क्षणभर बाजूला ठेवून हे वर्णन नुसते वाचावे. भ्यालेल्या पाखराची पकड सुटत नाही, त्याची छाती आवळली जाते, त्याला सुटकेची वाट दिसत असूनही दिसत नाही. सात शतकांपूर्वीच्या एका मराठी कवीने पाखराच्या भयाची अशी बारीक नोंद करून ठेवली आहे. ती त्याला कोणा फासेवाल्याकडून कळली, की स्वतःच्या डोळ्यांनी दिसली, ते सांगता येत नाही. पण पाहिल्यावाचून असे कोणी लिहीत नाही, एवढे मी लेखक म्हणून सांगू शकतो.

त्याहीपूर्वी दीडशेहून अधिक वर्षे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. काळ शके १०५१, म्हणजे इसवी सन ११२९-३०. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात, ही नोंद याच ग्रंथात असल्यामुळे मराठीच्या अभ्यासकांना तो प्रिय आहे. राजाने आपले मन कसे रमवावे, याचे अनेक विनोद त्यात सांगितले आहेत. त्यांत लाव्यांच्या झुंजी आहेत, कोंबड्यांच्या झुंजी आहेत, आणि ससाण्याकडून शिकार करवण्याचा श्येनविनोदही आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. आपल्या सोलापूर-धाराशिवकडच्या मुलखाला लागूनच. तेव्हा रानातले पाखरू धरून राजवाड्यात ठेवण्याची विद्या आपल्या दाराशी किती काळ नांदत होती, ते यावरून कळावे.

या विद्येत एक मर्म होते, आणि ते पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सर्व बाजदारांना ठाऊक होते: धरलेल्या पाखराला उजेड दाखवू नये. पूर्वी ससाण्याच्या पापण्या दोऱ्याने शिवीत आणि तो माणसाळला, की टाके हळूहळू सैल करीत. त्याहून सौम्य उपाय म्हणजे चामड्याची टोपी. ती अरबांकडे होती. इटली-जर्मनीचा सम्राट दुसरा फ्रेडरिक (११९४ ते १२५०) याने ससाण्यांच्या शिकारीवर मोठा ग्रंथ लिहिला. टोपीचा वापर आपण अरबांकडून शिकलो, हे त्याने त्यात मोकळेपणाने सांगून टाकले आहे. पाखराला दिसेनासे झाले, की त्याचे भय ओसरते. शेकडो ससाणे हाताखाली मेल्यावर माणसाला आलेले हे शहाणपण होते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे बादशहांचा आणि पेशव्यांचा काळ आला. जहांगीर बादशहाला (कारकीर्द १६०५ ते १६२७) पशुपक्ष्यांचा नाद मोठा. त्याच्यापाशी सारस पक्ष्यांची एक जोडी होती; लैला आणि मजनू ही त्यांची नावे. त्या जोडीने बंदिवासात अंडी घातली, आणि नर-मादी आळीपाळीने ती कशी उबवतात, हे बादशहाने स्वतः पाहून आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले. त्याच शतकात मॉरिशस बेटावरचे डोडो सुरतेपर्यंत येऊन पोहोचले होते. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने तिथे दोन डोडो पाहिल्याचे नमूद केले आहे. त्याच शतकात त्या पक्ष्याची जात मुळासकट संपली. आपल्या पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथल्या गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट याने १७९० मध्ये काढले, ते आजही पाहावयास मिळते. राजांनी काय काय पाळले, याच्या नोंदी अशा सापडतात. पाळलेले किती दिवस जगले आणि कशाने मेले, हे मात्र सहसा कोणी लिहिले नाही. इतिहास पिंजऱ्याबाहेर उभा राहणाऱ्यांनी लिहिलेला असतो, दुसरे काय!

देहाच्या आत काय होते, याचा पहिला मोठा सुगावा लागला तो १९३६ साली, आणि तो पाखरांत नव्हे, उंदरांत. कॅनडातील माँट्रियल येथे हान्स सेल्ये नावाचा तरुण डॉक्टर उंदरांना निरनिराळी द्रव्ये टोचून पाहत होता. त्याला आढळले, की द्रव्य कोणतेही असो, थंडी असो, की अतिश्रम असोत, उंदराच्या देहात तीन बदल ठरलेले. मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी सुजून मोठ्या होतात, रोगाशी लढणाऱ्या थायमससारख्या ग्रंथी आकसतात, आणि पोटात व्रण पडतात. संकटे निराळी, पण देहाचे उत्तर एकच. यालाच पुढे त्याने 'स्ट्रेस' म्हटले. आपण ताण म्हणतो. माझी आजी धसका म्हणाली असती.

पाखराच्या देहात हे सारे फार वेगाने घडते. चिमणीएवढ्या पाखराचे काळीज स्वस्थ बसल्या वेळीही मिनिटाला चारशेहून अधिक ठोके देते; भीतीने ते आणखी उसळते. मेंदूच्या तळाच्या ग्रंथीकडून निरोप निघतो, मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी रक्तात एक रस सोडतात. शास्त्रज्ञ त्याला कॉर्टिकोस्टेरॉन म्हणतात. जाळ्यात पाखरू अडकल्यापासून तीन मिनिटांच्या आत रक्ताचा थेंब घेतला, तरच त्याची मूळची स्थिती कळते; त्यानंतर हा रस चढू लागतो आणि पुढच्या अर्ध्या-एक तासात पुष्कळ वाढतो. म्हणून पक्षी-अभ्यासक हातात घड्याळ घेऊन जाळ्यापाशी उभे राहतात. हा रस मुळात शत्रू नव्हे. तो रक्तात साखर आणतो, पळायला बळ देतो, आणि त्या घटकेला नको असलेली कामे, म्हणजे पचन, पिलांची ओढ, ही बंद ठेवतो. ससाण्याच्या झडपेतून सुटलेले पाखरू थोड्या वेळात पंख झटकून पुन्हा दाणे टिपते, ते याच रसाच्या जोरावर आणि तो वेळीच उतरल्यामुळे.

पण डालग्याखाली ससाणा जातच नाही. माणसांची तोंडे वरून वाकून पाहत राहतात आणि पाखराच्या लेखी प्रत्येक तोंड हा एक ससाणा. इतका वेळ पळण्याची पराकाष्ठा केल्यावर त्याच्या स्नायूंत आम्ल साठते, स्नायूंचे तंतू मरू लागतात, त्यांतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडे बंद पाडतात. कधी काही तासांत, कधी दोन-चार दिवसांनी पाखरू मरते. वर खूण काही नाही. करकोचे, रोहित, माळढोक अशा लांब पायांच्या पक्ष्यांत हे विशेष दिसते. धरल्यावर त्यांचे पाय लुळे पडतात आणि ते पुन्हा उभे राहत नाहीत. शिवाय माणसासारखा श्वासपटल पाखराला नसतो. छातीचे हाड खालीवर झाले, तरच त्याच्या देहातल्या हवेच्या पिशव्या भरतात. लहान मुले मायेने पाखराला मुठीत आवळतात आणि ते गुदमरते. ज्ञानेश्वरांच्या पोपटाची आवळलेली छाती मला इथे आठवल्यावाचून राहिली नाही.

हे झाले धसक्याचे. आता झुरणी.

तालुक्याच्या गावचे आमच्या ओळखीचे जनावरांचे एक डॉक्टर आहेत. एकदा बोलता बोलता मी त्यांना माझ्या भोरडीची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारले, "मास्तर, ते पीस आहे का अजून?" मी जुने पुस्तक शोधून काढले. त्यांनी पीस खिडकीशी उजेडात धरले आणि म्हणाले, "हे बघा." पिसावर आडव्या, फिकट, केसासारख्या बारीक रेघा होत्या, एक नव्हे, अनेक. इतकी वर्षे ते पीस माझ्याजवळ होते आणि त्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

पीस हे नखासारखे वाढते. रोज थोडे थोडे. ज्या दिवशी देहावर मोठा ताण पडतो, त्या दिवशीची वाढ कच्ची राहते आणि तिथे रेघ उमटते. पुढे पीस मोडते, तेही तिथेच. युरोपातल्या बाजदारांना या रेघा पूर्वापार माहीत होत्या. ससाण्याला उपाशी ठेवले, की त्या पडतात, म्हणून ते त्यांना भुकेच्या खुणा म्हणत. भुकेबरोबर भीतीनेही त्या पडतात, असे आता दिसून आले आहे. फाशात माझ्या मुठीत राहिलेली पिसे हासुद्धा भयाचाच एक प्रकार होता: शिकाऱ्याने शेपूट धरली, तर पाखरे पिसे सोडून देऊन जीव वाचवतात. तिथे तिने पिसे सोडली आणि आमच्या सोप्यात नवी वाढवली. ज्या दिवसांत मला वाटत होते, की ती आता आपली झाली, त्या दिवसांची रोजनिशी ती आपल्या शेपटीवर लिहीत होती. आणि मी ती इतिहासाच्याच पुस्तकात ठेवली होती!

तो रस दिवसेंदिवस चढलेला राहिला, की देह स्वतःलाच खाऊ लागतो. छातीचे मांस झडते, वजन घटते, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे परस्परांशी असलेले प्रमाण बिघडते, रोगाशी लढण्याची ताकद जाते. कुजक्या गवतावर, ओल्या धान्यावर एक बुरशी असते. तिचे कण सगळीच पाखरे श्वासाबरोबर घेतात आणि धडधाकट पाखराला त्याचे काही होत नाही. बंदिवासात खचलेल्या पाखराच्या फुप्फुसात मात्र ती रुजते. ससाण्यांच्या तळपायांना गळवे होतात, कारण दिवसचे दिवस एकाच दांडीवर उभे राहावे लागते. पोपट स्वतःची पिसे उपटून अंग उघडे करतो. कित्येक पाखरे अंडी घालायचे सोडून देतात.

आणि धडका? त्यांचेही उत्तर मिळाले. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाला नाउमान नावाचे पितापुत्र पक्ष्यांचा अभ्यास करीत. त्यांनी पिंजऱ्यात ठेवलेले हळद्यासारखे प्रवासी पक्षी स्थलांतराचे दिवस आले, की अस्वस्थ होत, अन्नपाणी भरपूर असूनही फडफडत राहत. प्रवासाची वेळ पाखराच्या देहातच लिहिलेली असते. दिवस मोठा होऊ लागला, की ती जागी होते. आमच्या भोरड्या चैत्राच्या सुमारास मध्य आशियाकडे निघतात. तिकडे त्यांची घरटी होतात. पिंजऱ्यातल्या माझ्या भोरडीला कोणी सांगितले नव्हते, की थवे गेले. तिला तिच्या रक्ताने सांगितले. आजीचे वाक्य शब्दशः खरे होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सगळ्या पाखरांचे असेच होते, असे नाही. जहांगिराच्या सारसांनी संसार थाटला, तो खोटा नव्हता. २०१९ मध्ये क्लेअर पार्कर फिशर आणि मायकेल रोमेरो या अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी बंदिवासातल्या रानप्राण्यांवर तोवर झालेले कितीतरी प्रयोग एकत्र करून पाहिले. बहुतेक प्राणी धरल्यावर आरंभी वजनाने उतरतात. पुढे काही सावरतात, काही सावरत नाहीत. जातीजातीत फरक, आणि कोण सावरेल, हे आधी सांगणे कठीण, असा त्यांचा निष्कर्ष. 'आमचा राघू मजेत आहे हो,' असे म्हणणारा माणूस प्रत्येक वेळी खोटेच बोलतो, असे नाही. पण त्याला ते कळायला मार्ग नसतो. रानातले पाखरू दुखणे लपवते; दुर्बळ दिसले, की शिकारी त्यालाच हेरतो. म्हणून मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत ते मजेत दिसते.

कायद्याने हे ओळखायला वेळ लागला. पूर्वी मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात पाखरांचे पिंजरे रचून ठेवलेले असत. मुनिया, पोपट, मैना. फासे लावणाऱ्या पारध्याला इंग्रजांनी गुन्हेगार जमातींत घातले, १९५२ साली तो कलंक कायद्याने पुसला गेला. पण पाखरू मागणाऱ्या शहरी गिऱ्हाइकाला कोणी कधी काही म्हटले नाही. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या रानपाखरांचा व्यापार बंद झाला. आज पोपट पिंजऱ्यात ठेवणे हाही गुन्हा आहे. तरी चोरटा बाजार चालतो. दसऱ्याला दर्शनासाठी नीलकंठ धरले जातात. आणि ज्या दिवाळीचा हा अंक आपण फराळाचे ताट शेजारी घेऊन वाचत आहात, त्याच दिवाळीच्या तोंडावर लक्ष्मीच्या वाहनाला, घुबडाला, मंत्रतंत्रासाठी पकडून मारणारे लोक अजून आहेत. सणाच्या दिवशी हे लिहायला नको होते. पण सणाच्या दिवशीच ते घडते, त्याला काय करावे!

शहाणपण आल्याचीही खूण आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. आता तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ गेला आहे. त्याला वाचवण्यासाठी २०१९ पासून राजस्थानात जैसलमेरजवळ पैदास केंद्र चालते. तिथे रानातले मोठे माळढोक धरून आणले नाहीत. रानातून अंडी आणून ती उबवली. मोठा माळढोक धरण्याचा धसका सोसणार नाही, अंड्याला मात्र रान ठाऊकच नसते. सोमेश्वरापासून आजवरच्या आठ-नऊशे वर्षांत आपण काय शिकलो, असे कोणी विचारले, तर मी हे उदाहरण सांगेन.

असो. पुन्हा त्या पोराकडे येतो. पंधरवड्याने, फाल्गुनात, तो शाळेत धावत आला. हातात बुटांचे खोके. "गुर्जी, आनि एक गावलंय जाळीत!" या वेळी मी टाळले नाही. आम्ही खोक्याच्या तळाला फडके घातले, झाकणाला भोके पाडली, आणि खोके कार्यालयातल्या कपाटामागे, अंधारात, कोणी जाणार नाही अशा जागी ठेवले. दूध नाही, पाणी चोचीत ओतणे नाही, डोकावणे नाही. वर्गात गलका करायचा नाही, असे मी बजावले आणि तासभर माझा वर्ग इतका शांत बसला, की साहेब तपासणीला आले असते, तर त्यांनी शेरा लिहिला असता.

त्या तासात मी पोराला बाजूला घेतले. म्हणालो, "मागचं पाखरू आयुष्य सरलं म्हणून मेलं नव्हतं. मी खोटं सांगितलं. तू सोडवलंस तेव्हा ते जगणार होतं. आपण त्याला बघत बसलो, त्याचा त्यानं धसका घेतला."

पोरगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजी मीच मारलं व्हय?"

या प्रश्नाचे उत्तर कोणत्या पुस्तकात असते? मी त्याला भोरडीचे पीस दाखवले, त्यावरच्या रेघा दाखवल्या आणि सांगितले, "ही मी मारली. तुझ्याएवढाच होतो. आपल्याला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं."

त्याने पीस उजेडात धरून रेघा मोजल्या. किती भरल्या, ते मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

सुटीच्या घंटेच्या आधी आम्ही दोघेच खोके घेऊन शाळेमागच्या बाभळीकडे गेलो. खोके जमिनीवर ठेवून त्याने झाकण काढले आणि, मी काही न सांगता, चार पावले मागे सरून पाठ फिरवून उभा राहिला. फडफड झाली. बुलबुल बाभळीवर बसला, अंग फुलवून पिसे झटकली, शेपटीखालचा तांबडा डाग एकदा दाखवला आणि थेट द्राक्षबागेच्या दिशेने गेला.

"परत तितंच गेलं की, गुर्जी!" पोरगा म्हणाला.

"जाऊ दे," मी म्हणालो. "त्याला भूक लागली असेल."